जळकी टेकडी आणि पळसाची गाठ

समोर ती उघडी टेकडी दिसते ना, तिला आम्ही जळकी म्हणतो. आजूबाजूला सगळीकडे बांबू आहे. ओढ्याच्या काठाने आहे, पलीकडच्या उतारावर आहे, आमच्या घरांमागे तर दाट आहे. जळकीवर मात्र कुसळाशिवाय काही उगवत नाही. माझ्या वडिलांनी दोनदा तिथे बांबूचे कंद लावून पाहिले. दोन्ही वेळा एक पावसाळा तग धरला आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले.

येताना तुम्ही विचारलंत, या बांबूंना दोऱ्या कशाच्या बांधल्यात. ती पळसाची साल आहे. गाठ असेल तोच बांबू आम्ही तोडतो. आणि ज्याने गाठ बांधली, त्याने त्या बांबूची पहिली टोपली स्वतःच्या घरात ठेवायची. दोन पावसाळे ती वापरायची, विकायची नाही. ही रीत कशी पडली ते सांगतो. मी काही पाहिलेलं नाही. माझ्या चुलत्याने सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्या कुणी.

त्या काळी या टेकडीवर एवढा बांबू होता म्हणे, की आत गेलेला माणूस दिसत नसे, नुसता कोयत्याचा आवाज येई. वस्तीत बुरुडांची अकरा घरं. सुपं, रोवळ्या, डालगी, धान्याच्या कणग्या, पंचक्रोशीत जे काही विणलेलं होतं ते आमच्या माणसांच्या हातचं. पण बांबू कोणता तोडायचा, हे एकटी निंगव्वा ठरवायची. नवरा लवकर गेलेली, एका मुलावर आयुष्य काढलेली बाई. ती बांबूवर बोटांची पेरं वाजवायची, कान लावायची, आणि जून असेल त्याला गाठ मारायची. तीन वर्षांच्या आतल्या बांबूला तिने कधी कोयता लागू दिला नाही. कोवळा बांबू विणायला मऊ, दिसायला देखणा. पण त्यात गोडवा असतो आणि त्या गोडव्यावर भुंगेरा येतो. वर्षा-दोन वर्षांत आतून पीठ होतं. बाहेरून काही कळत नाही.

वर तो गड आहे. एका दिवाळीनंतर गडावरचा कारकून वस्तीत आला. किल्लेदाराचा हुकूम होता की पाच गावांचं धान्य यापुढे गडावर साठवायचं. त्यासाठी माणसाच्या उंचीच्या एकशेवीस कणग्या मृगाच्या आत हव्यात. निंगव्वा दिवसभर टेकडी फिरली आणि म्हणाली, चाळीस होतील. चाळीस पुढच्या वर्षी, चाळीस त्याच्या पुढच्या.

कारकुनाने टेकडीकडे बोट केलं. "एवढा बांबू उभा आहे आणि तू मला चाळीस सांगतेस? म्हातारे, डोळ्यांत फूल पडलंय का तुझ्या?"

"ती पोरं उभी आहेत, कारभारी," निंगव्वा म्हणाली. "पोरांच्या डोक्यावर पाच गावांचं ओझं देऊ नये."

तो तसाच गडाकडे वळला. चौथ्या दिवशी शिपाई आले आणि निंगव्वाच्या मुलाला, कल्लाप्पाला, घेऊन गेले. चोरी नाही, भांडण नाही. निरोप एवढाच आला की शेवटची कणगी वर चढेल त्या दिवशी कल्लाप्पा खाली उतरेल. त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

निंगव्वा गड चढून गेली. दरवाजातच कारकून भेटला. कोवळ्या बांबूच्या कणग्या दोन पावसाळ्यांपुढे टिकणार नाहीत, हे तिने त्याला तीन वेळा सांगितलं, असं म्हणतात. दोन पावसाळ्यांनंतरचं तेव्हा बघू, असं तो म्हणाला आणि दरवाजातली छोटी दिंडी आतून लावून घेतली.

दोन दिवस ती घरात बसून होती. तिची सून सुबव्वा जेवायच्या वेळी नवऱ्याचं ताट मांडायची आणि थोड्या वेळाने उचलून ठेवायची. तिसऱ्या दिवशी निंगव्वा पळसाची साल खांद्यावर टाकून टेकडीवर गेली. त्या दिवशी तिने एकही बांबू वाजवला नाही म्हणे. सरळ गाठी मारत गेली.

अकरा घरांनी ते पाहिलं. कोणत्या बांबूला गाठ पडतेय हे आमच्या प्रत्येकाला दिसत होतं. एकानेही विचारलं नाही. कोयते घेतले आणि तोडायला लागले.

कणग्या सुरेख झाल्या. कोवळ्या बांबूच्या होतातच. किल्लेदार खूश झाला, निंगव्वाला लुगडं पाठवलं. तिने ते नेसलं नाही. कल्लाप्पा उतरून घरी आला आणि सुबव्वाने त्या दिवशी मांडलेलं ताट उचललं नाही. एवढंच एक सुख या गोष्टीत आहे.

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. पाच गावांची माणसं आपलं धान्य मागायला गड चढली. कोठारात कणग्या ओळीने उभ्या होत्या, शेणाने सारवलेल्या, जशा ठेवल्या तशा. एकाने पहिलीवर हात ठेवला तर हात आत गेला. भुंगेऱ्याने सगळं खाल्लं होतं. नुसतं सारवण उभं होतं. तळ केव्हाच सुटले होते, आणि गडावरच्या आदल्या वर्षीच्या धुक्यापावसात धान्य ओल्या जमिनीवर कुजून काळं झालं होतं. एकशेवीसातल्या चाळीस धड निघाल्या. त्या गडाने गडाच्या माणसांसाठी ठेवून घेतल्या.

लोक खवळले. कारकून पायरीवर उभा राहिला आणि त्याने एवढंच विचारलं, बांबू कोण निवडतं? गाठी कुणाच्या असतात? ते सगळ्यांनाच माहीत होतं.

माणसं वस्तीवर आली. कल्लाप्पा पुढे झाला. मला वर अडकवून ठेवलं होतं, हे तो सांगणार होता. निंगव्वाने त्याचा दंड धरून मागे ओढला. समोर बाया उभ्या होत्या आणि त्यांच्या कडेवर त्यांची पोरं होती. त्यांच्यापुढे ती काय सांगणार होती, की माझ्या पोरासाठी केलं?

"गाठी माझ्या आहेत," ती म्हणाली.

तिला कुणी हात लावला नाही. त्यांनी टेकडी पेटवली. बांबू जळताना कांडी फुटतात, बार उडवल्यासारखा आवाज होतो. आठ दिवस तो आवाज येत होता, असं सांगतात. त्या वर्षी पाच गावांत किती माणसं गेली ते कुणी मोजलं नाही. बुरुडाच्या टोपलीत मूठभर दाणे टाकायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा आमचीही गेली.

आग विझल्यावर कल्लाप्पा आईसमोर येऊन उभा राहिला. "आये," तो म्हणाला, "मला वरच राहू द्यायचं होतंस."

तो घाट उतरून गेला तो परत आला नाही. कुणी म्हणतं खाली कोकणात मेला, कुणी म्हणतं तिकडे दुसरं घर केलं. सुबव्वा मात्र सासूजवळ राहिली.

निंगव्वा रोज राखेत कंद शोधायची. सगळे करपले होते. शेवटी टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याच्या बाजूला, तळहाताएवढा एक ओला कंद सापडला. तो तिने ओढ्याकाठी लावला. ओढा आटलेला, म्हणून त्यात खड्डा खणून वाटीवाटीने पाणी घातलं. पावसाळा आला तसे कोंब आले. बांबू जून व्हायला तीन वर्षं लागतात. निंगव्वा दुसऱ्या वर्षीच गेली.

चौथ्या वर्षी सुबव्वाने पेरं वाजवली, कान लावला आणि गाठ मारली. तिने एकच टोपली विणली. वस्तीतली माणसं म्हणाली, बाजारात ने, घरात दाणा नाही. तिने ती स्वतःच्या चुलीजवळ ठेवली.

"आधी माझ्या घरात कुजायची तर कुजू दे," ती म्हणाली. "मग लोकांच्या घरात पाठवू."

दोन पावसाळे टोपली टिकली. त्यानंतर आमचा माल पुन्हा बाजारात गेला.

तुम्ही आता पाहिलात तो सगळा बांबू त्या एका कंदाचा, असं म्हणतात. आजही आमच्यात गाठीशिवाय कोयता चालत नाही. आजही पहिली टोपली घरात राहते. माझी ती कोपऱ्यात आहे, कांदे ठेवलेत तिच्यात. गडावर किल्लेदाराच्या समाधीला दरवर्षी दसऱ्याला चुना लावतात. निंगव्वाचा दगड कुठेच नाही. तिचं नावही आमच्या वस्तीत कुणी मुलीला ठेवत नाही. तिच्यावर राग आहे म्हणून नव्हे. हाक मारताना आम्हालाच अकरा घरं आठवतात.

तुम्ही चांगली माणसं आहात. भाव पुरा देता, प्लॅस्टिक नको म्हणता. पण तुमच्या कागदावर तीनशे टोपल्या आहेत आणि या वर्षीच्या गाठी एकशे दहा टोपल्यांपुरत्याच आहेत. बाकीचा बांबू उभा आहे, तुम्हाला दिसतोय तसा मलाही दिसतोय. तोही सुरेख विणला जाईल. तुमच्या गिऱ्हाइकाला दोन वर्षं काही कळणार नाही.

पण माझा मुलगा इथेच आहे, मागे कामट्या सोलतोय. त्याला कुणी गडावर नेलेलं नाही. निंगव्वाला निदान कारण तरी होतं.