टोक झिजलेलं पातं

“त्यांनी तीन दिवस पाण्यावाचून झुंज दिली. मग ही सहा तासांत पडलीच कशी?”

खोमणे मास्तर उभ्यानंच विचारत होते. त्यांच्या पायाशी, लिंबाच्या सावलीत, त्यांची मुलगी आडवी पडली होती. शिवांजली. एकोणीस वर्षांची. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही.

उशाशी मलिकबाबा बसले होते. ते रणमाळावरचे फकीर. माळावर बिननावाची थडगी आहेत, त्यांच्यावर दर गुरुवारी ऊद घालतात. थडगी कुठल्या बाजूच्या माणसांची, कुणाला ठाऊक नाही. बाबांनी कधी चौकशी केली नाही.

“बाबा, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकलं.”

“मग बोला की काहीतरी.”

“आधी ती बोलू दे.”

मी पोरीला पदरानं वारा घालत होते. मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं असतं तर माझा हात थांबला असता, म्हणून बघत नव्हते. त्याला कारण होतं.

आमच्या रणमाळावर फार पूर्वी दोन फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. मेले ते तहानलेले मेले, असं गावात सांगतात. म्हणून माळावर पाय ठेवायच्या आधी घोटभर पाणी प्यायचं, अशी इथली रीत. वेशीच्या दगडापाशी तीन धोंड्यांवर रांजण ठेवलेला असतो. गावातल्या बायका तो पाळीनं भरतात. वैशाखात टँकर आठवड्यातून दोनदा येतो. आमच्या घरात भांडी राखेनं घासतात, पण रांजण भरतो. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा, पाझरेल तेवढं वाटीवाटीनं घागरीत घ्यायचं, डोक्यावर चढ चढायचा. एका घागरीला दीड तास जातो.

आज पाळी माझी होती. दोन घागरी झाल्या. दुसरीच्या वेळी खुरप्याचं पातं मुठीतून निसटून मोडलं, तरी भरली.

नऊ वाजता मास्तर आले. त्यांच्या गावी त्यांची तालीम आहे. दरवर्षी पोरापोरींना घेऊन एकेक लढाईची जागा दाखवतात, पूर्वीच्यांनी काय सोसलं ते सांगतात. दाखवावं. सांगावं. त्याला माझी ना नाही. चाळीस जण होते, अनवाणी, डोक्याला फेटे, उजाडायच्या आधीपासून चालत आलेले. पाण्याच्या बाटल्या मास्तरांनी टेम्पोत ठेवून घेतल्या होत्या आणि टेम्पो डोंगराला वळसा घालून पलीकडं पाठवला होता.

मी वाटी पुढं केली. “घोटभर घ्या. इथली रीत आहे.”

मास्तर हसले. “ताई, ते पाणी पिऊन लढले नव्हते.”

“म्हणूनच तर देतोय.”

“माझी पोरं नाही पिणार.”

पोरं रांजणाकडं बघत होती. एकीनं ओठांवरून जीभ फिरवली. ती हीच. मास्तरांनी ते पाहिलं. पुढं आले, दोन्ही हात लावले आणि रांजण कलंडवला.

“झालं. आता मोह नको.”

दोन घागरी पाणी. जमिनीवर नीट ओघळसुद्धा उठला नाही.

मी तोंडाला येईल ते बोलले. ते इथं लिहीत नाही.

तास गेला नाही तोच पोरगी माळावर पडली. बाबांच्या झोपडीपुढच्या लिंबाखाली आणून निजवली आणि मला हाक आली.

बाकीची पोरं गावाकडं धावली, पाणी आणायला, गाडी आणायला. जाऊन येऊन तास तरी जाणार. फोनला माळावर रेंज नाही. राहिलो आम्ही चौघं. त्यातली एक डोळे उघडत नव्हती.

“अंजू,” मास्तरांनी हाक मारली. “अंजू, बाळा...”

पोरीच्या तोंडातून बारीक आवाज आला. शब्द नव्हता.

“हिला घरात कशाचीच झळ लागली नाही,” मास्तर म्हणाले. बोलणं तेच. “पूर्वीची माणसं सोसायची. आताच्यांना सोसवत नाही, बाबा. हेच दुखणं आहे.”

“सोसणारं माणूस बघायचंय?” बाबांनी माझ्याकडं मान केली. “ही बसलीय. विचार हिला.”

“मला कशाला मध्ये घेता,” मी म्हटलं. “अजून घरात चूल पेटलेली नाही माझ्या.”

मास्तर कसनुसे झाले. मग खाली बसले. पोरीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

“पाणी... कुठं आहे का पाणी?”

“रांजणात होतं,” मी म्हटलं. “बाबाही त्यातलंच पितात.”

बाबांनी हात वर केला.

बाबा उठले, झोपडीत गेले. ऐंशीच्या घरातलं माणूस, उठायला भिंत लागते. परत आले ते कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. कापड सोडलं. आत तलवारीचं पातं होतं, मुठीशिवायचं, काळं पडलेलं.

मास्तरांनी ते पाहिलं आणि तेवढ्या घाईतही दोन्ही हात पुढं केले. पातं कपाळाला लावलं. सवय आहे त्यांची.

“हे इथलं?”

“ओढ्यातलं. चल. झिरा खणायचाय.”

“ह्यानं?”

“सुगंधाचं खुरपं मोडलंय.”

“बाबा, हे शस्त्र आहे. ह्यावर कुणाचं तरी रक्त सांडलंय. ह्यानं माती उकरू मी?”

बाबांनी पोरीकडं बोट केलं.

मास्तर निघाले, मागून बाबा.

ओढा लिंबापासून वीस पावलांवर. मी पोरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मान वळवून बघत राहिले. सकाळचा झिरा आटला होता, कडा ढासळल्या होत्या. मास्तर गुडघ्यांवर बसले. पात्याला कापड गुंडाळून धरलं आणि खणू लागले. आधी हळू, देवघरातलं काही हाताळावं तसं. मग पोरीनं पुन्हा तो आवाज केला. मास्तर वेड्यासारखे खणू लागले.

वाळू. मग ओली वाळू. मग काहीच नाही, गच्च मुरूम.

“बाबा, पाणी नाही इथं.”

“खण.”

“नाही म्हणतोय ना मी. कोरडं आहे.”

“बायका रोज काढतात. खण.”

माझ्या मांडीवर पोरीचा श्वास तुटक झाला. दोन येत, एक राहून जाई. मी मोजत होते. वारा घालायचं विसरले.

“लवकर करा,” मी ओरडले. “श्वास राहतोय हिचा.”

मास्तरांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. कोपरापर्यंत हात खड्ड्यात. बोटं सोलवटली होती. आणि मग ते एकदम थांबले.

“लागलं...”

“हात लावू नको. गढूळ होईल. बसू दे.”

“बसू दे कसं? किती वेळ?”

“जेवढा लागेल.”

तो वेळ मी जन्मात विसरणार नाही. खड्ड्यात पाणी तळव्याएवढं झालं. मग वाटीएवढं.

“फेटा सोड,” बाबा म्हणाले.

मास्तरांनी डोक्यावरचा भगवा फेटा ओढून काढला. बाबांनी त्याच्या पदरातून पाणी वाटीत गाळलं. उरलेला फेटा चिखलपाण्यात बुचकळून मास्तरांकरवी माझ्याकडं धाडला. मी तो पोरीच्या मानेला, काखेत, कपाळाला लावला. गरम होई, पुन्हा भिजवून आणला जाई. मास्तर पळत होते, ओढ्यापासून लिंबापर्यंत, लिंबापासून ओढ्यापर्यंत. अनवाणी. वीस पावलं.

सातव्या की आठव्या खेपेला पोरीनं डोळे उघडले.

मास्तरांनी वाटी तिच्या तोंडाशी धरली. पाणी सांडायला लागलं, तसं मी मनगट धरलं.

पोरगी वाटीकडं बघत राहिली. मग बापाकडं.

“अप्पा... पिऊ का?”

मास्तरांनी हो म्हणून मान हलवली, पुन्हा हलवली, पुन्हा.

ती प्यायली. एक घोट, मग एक. धोका टळला असं मी म्हणत नाही. गाडी येईपर्यंत मी तिचे श्वास मोजतच राहिले. पण प्यायली.

खाली वाटेवर पोरांचे आवाज येऊ लागले. हंडे आपटल्याचे, हाका मारल्याचे.

मास्तर बाबांपुढं बसले. पातं मांडीवर घेतलं आणि सदऱ्याच्या घोळानं पुसायला लागले. पुसता पुसता हात थांबला.

“धारेला एकही खाच नाही.”

“नाही.”

“म्हणजे हे चाललंच नाही.”

“टोक बघ.”

टोक नव्हतं. टोकाकडची चार बोटं झिजून गोल झाली होती, उलथन्यासारखी.

“हे तुम्ही... झिऱ्याला वापरता?”

“आज पहिल्यांदा. माझ्या आज्याला सापडलं तेव्हापासून असंच आहे. ओढ्यातल्याच एका खड्ड्यात सहा होती. सहाही अशीच. बाकीची गंजून गेली.”

“एका खड्ड्यात?”

“तीन सरळ होती. तीन वाकडी.”

मला मास्तरांचं तोंड दिसत होतं. तलवारींतलं त्यांना कळतं. सरळ कुणाची, वाकडी कुणाची, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

“दोन्ही बाजूंची...” ते पुटपुटले. “एकच झिरा...”

बाबांनी पातं त्यांच्या मांडीवरून उचललं आणि कापडात गुंडाळलं.

पोरं चढ चढून वर आली. सगळीच्या सगळी. शिवांजलीचे डोळे उघडे पाहून जागच्या जागी थांबली. कुणी हंडा खाली ठेवेना. सगळी मास्तरांकडं बघत होती. दरवर्षी रणभूमीवर पोचलं की मास्तर दगडावर उभे राहतात आणि इथं माणसांनी काय केलं ते सांगतात. त्यासाठीच तर आली होती.

मास्तर उठले नाहीत.

“बाबा,” ते हळूच म्हणाले, “वीस वर्षं सांगत आलो. ही पोरं थांबलीत आता. काय सांगू ह्यांना?”

बाबा कापडाची गाठ मारत होते. ती त्यांनी पक्की केली.

“सांग... दोन्हीकडच्यांना तहान लागली होती.”