घट्ट खोचलेल्या चादरी

"म्हणजे चादरी किती म्हणालास?"

"तीन, महाराज. थर म्हणाल तर सहा."

"एका पलंगाला?"

"एका पलंगाला."

सोमगिरी महाराजांनी घेवड्याची शेंग मोडली, दाणे परातीत टाकले आणि विचारात पडल्यासारखी मान हलवली. त्यांना स्वतःला एक घोंगडी पुरत असे. थंडीत तीच अर्धी खाली, अर्धी वर.

ओढ्याकाठच्या त्या मठात टळटळीत दुपार होती. स्वयंपाकाच्या हौसाबाई आठवड्याच्या बाजाराला गेल्या होत्या, त्या दिवेलागणीशिवाय परतायच्या नव्हत्या. मठात ही दोघंच.

प्रल्हाद धुमाळ ओसरीच्या कडेला बसला होता, मांडीवर एक फुगलेली पिशवी घेऊन. वय बासष्ट. पाचगणीच्या एका मोठ्या हॉटेलात त्याने एकतीस वर्षं हाउसकीपिंग सांभाळलं होतं, शेवटची बारा वर्षं तर त्या खात्याचा प्रमुख म्हणून. त्याने केलेल्या पलंगावर आजवर कुणाला एक सुरकुती सापडलेली नाही, हे तो ओळख झाल्यावर पाच मिनिटांत समोरच्याला सांगून मोकळा व्हायचा. महाराजांना तर त्याने ते पन्नास वेळा सांगितलं असेल. महाराज दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत.

आजही त्याने तिथूनच सुरुवात केली होती. पण आज त्याच्या आवाजात दम नव्हता.

"खालून सांग."

"सगळ्यात खाली गादीचं कव्हर. त्यावर पहिली चादर, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. मग माणूस."

"हं... माणूस."

"माणसाच्या अंगावर दुसरी चादर. ती उलटी घालायची, म्हणजे डोक्याशी दुमडली की सुलट बाजू दिसते. तिच्यावर ब्लँकेट. ब्लँकेट मळू नये म्हणून त्यावर तिसरी चादर. वर रजई. पायथ्याचे कोपरे पाकिटासारखे मोडायचे आणि सगळं एकदम घट्ट खोचायचं. उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे येता कामा नये."

"का रे?"

"आत येणाऱ्याला उघडं तोंड दिसू नये."

"असा पलंग तू घरी केलास."

"केला. काल दुपारी केला. शालन उद्या सकाळी दवाखान्यातून सुटतेय, म्हणून."

शालन म्हणजे त्याची बायको. अडतीस वर्षांचा संसार. तीन आठवड्यांपूर्वी एका पहाटे तिला हार्ट अटॅक आला होता, आणि ती वाचली होती.

"मग आनंद आहे," महाराज म्हणाले.

प्रल्हाद पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला.

"मी तिला घरी नेत नाहीये, महाराज."

महाराजांनी पुढची शेंग हातात घेतली.

"साताऱ्यात एक शुश्रूषा केंद्र आहे. चांगलं आहे. चोवीस तास नर्स असतात. आज सहाच्या आत त्यांना होकार कळवायचाय. तुमचा आशीर्वाद घेऊन कळवावा म्हटलं."

केंद्र चांगलं होतं हे खरंच. नर्सही होत्या. पण गेल्या आठ दिवसांत प्रल्हादने हे इतक्या जणांना पटवून दिलं होतं, की आता ते त्याचं त्यालाच पटेनासं झालं होतं.

"शालन काय म्हणते?"

"ती म्हणते, मला माझ्या पलंगावर नेऊन निजवा, मग काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि डॉक्टर?"

"म्हणतात, हृदय निम्म्याहून कमी चालतंय. गोळ्या नीट घेतल्या तर पाच वर्षंही काढतील, दहाही काढतील. घरी न्यायला हरकत नाही म्हणतात. आणि मग दाराशी गेल्यावर हळूच सांगतात... झोपेतसुद्धा होऊ शकतं."

"म्हणून केंद्र."

"तिच्या भल्यासाठीच, महाराज."

महाराजांनी आणखी एक शेंग मोडली. ती किडकी निघाली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

"त्या पहाटे काय झालं?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे प्रल्हादला ठाऊक होतं. दवाखान्यात, नातेवाइकांत, फोनवर, सगळीकडे त्याने एकच उत्तर दिलं होतं : वेळेवर नेलं म्हणून वाचली. ते उत्तर त्याच्या ओठांपर्यंत आलंही. पण महाराज त्याच्याकडे बघत नव्हते. ते घेवडा सोलत होते. बघत असते तर तो कदाचित खोटं बोलला असता.

"मला जाग आली तेव्हा ती शेजारी होती. ओठ निळे. डोळे अर्धे उघडे. चादर गळ्यापर्यंत, जशी रात्री खोचली होती तशीच. एक सुरकुती नव्हती..."

"मग?"

"मी पळालो."

परातीत दाणे पडत राहिले.

"जिन्यावरून खाली पळालो. शेजाऱ्यांचं दार बडवलं. ते वर गेले. त्यांनी तिला उचलली, त्यांनीच गाडीत घातली. मी खालीच उभा होतो, महाराज. फाटकाशी."

"ती जिवंत आहे हे तुला कधी कळलं?"

"शेजारी ओरडले तेव्हा. चालू आहे, चालू आहे, म्हणून."

महाराजांनी परात बाजूला सारली.

"कशाची भीती वाटते, प्रल्हादा?"

"सकाळी डोळे उघडायची." आता त्याला रडू आवरेना. "काल पलंग केला. मनासारखा झाला. दोन पावलं मागे सरकून बघितला आणि मला ती पहाटच दिसली. तिच्या शेजारी मी झोपायचं, आणि रोज सकाळी मान वळवून बघायचं, आहे का गेली... नाही होणार माझ्याच्यानं. रात्रभर जागा राहिलो तरी नाही होणार. मी सगळ्या चादरी काढल्या. परत इस्त्री केल्या. ह्या इथे आणल्यात. मठाला राहू देत. एकदम नव्या आहेत."

त्याने पिशवी पुढे सरकवली. त्याला वाटत होतं, आता महाराज पिशवी ठेवून घेतील, डोक्यावर हात ठेवतील, आणि आपण साताऱ्याला फोन लावायला मोकळे.

महाराज गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"आत पलंग आहे. कुणीतरी गादीसकट आणून दिलाय, पडून असतो. त्यावर अंथर."

"आत्ता?"

"तुझं काम मी नुसतं ऐकतच आलोय. बघू तरी."

प्रल्हादने डोळे पुसले आणि पिशवी उचलली.

आणि काय सांगावं, पहिली चादर झटकल्याबरोबर माणूस पालटला. पाठ ताठ झाली. मघाशी पिशवीच्या बंदाशी चाळा करणारी बोटं चादरीच्या मध्यरेषेवरून सरळ फिरली. गादी एका हाताने उचलायची, दुसऱ्याने चादर खाली सरकवायची, कोपरा मोडायचा, तळव्याने दाबायचा. दुसरी चादर. ब्लँकेट. तिसरी. तो पलंगाभोवती फक्त एकदाच फिरला. दोनदा फिरणारा नवशिका, असं तो हाताखालच्या पोरांना सांगत असे. पंधरा मिनिटांत सगळं झालं. मग त्याने सवयीप्रमाणे मागे सरकून मान तिरकी केली.

"सुंदर," महाराज म्हणाले. "इथे कधी कुणी झोपलंच नाही असं वाटतंय."

"तेच तर कसब आहे, महाराज."

"बरं. आता मला आत घाल."

प्रल्हाद हसला. महाराज हसले नाहीत. त्यांनी पायांची धूळ पंच्याने पुसली, उशीकडची दुमड उचलली आणि त्या पांढऱ्याशुभ्र थरांमध्ये ते सावकाश शिरले. चौऱ्याऐंशी वर्षांचा तो किडकिडीत देह आत गेला तरी पलंग जवळजवळ सपाटच दिसत होता.

"घरी करतोस तसं कर."

घरी तो शालन आडवी झाली की तिच्या बाजूची चादर पुन्हा खोचून द्यायचा. "घातलंत मला पाकिटात," असं ती म्हणायची. प्रल्हादने महाराजांच्या दोन्ही बाजूंनी चादरी खोचल्या, हनुवटीखालची दुमड सरळ केली.

"आता बस. मी उठेपर्यंत जाऊ नकोस."

महाराजांनी डोळे मिटले.

प्रल्हाद स्टुलावर बसला. बाहेर ओढ्याला पाणी कमी होतं, तरी त्याचा आवाज येत होता. एक कावळा ओरडून गेला. छपराच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप जमिनीवर होती, ती हळूहळू भिंतीकडे सरकत होती.

बराच वेळ गेला.

"महाराज?"

...

थकले असतील, प्रल्हादने मनाशी म्हटलं. मग त्याला आठवलं, मागच्या महिन्यात आरती म्हणता म्हणता महाराज एकदम खाली बसले होते. हौसाबाईंनी फोनवर सांगितलं होतं. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकले नव्हते.

त्याने त्यांच्या छातीकडे पाहिलं.

काही हलत नव्हतं. पण हलणार तरी कसं? चादर, ब्लँकेट, चादर, रजई, आणि सगळं दोन्ही बाजूंनी ताणून खोचलेलं. त्याखाली म्हाताऱ्या माणसाचा श्वास चालू असला काय आणि नसला काय, वरून पांढरं सपाट दिसणार. त्याने स्वतःच तसं केलं होतं.

एक माशी आली. महाराजांच्या कपाळावर बसली, नाकावरून चालत खाली आली आणि ओठाच्या कडेला थांबली. ओठ जरासे उघडे होते.

महाराज हलले नाहीत.

"महाराज!" प्रल्हाद ओरडला. माशी उडाली. बाकी काहीच झालं नाही.

मग तो ओसरीवर होता. कसा आला ते त्याला कळलं नाही. फोन काढला तर रेंज नव्हती. गावात जायला हवं. डॉक्टरला आणावं, पोलीसपाटलाला आणावं, कुणालाही आणावं, पण कुणीतरी यावं आणि आधी त्या खोलीत त्यानं जावं. त्याने अंगण ओलांडलं. आपल्या गाडीचं दार उघडलं. आत बसला. किल्ली लावताना त्याची नजर खाली गेली.

एकाच पायात चप्पल होती.

त्या पहाटे फाटकाशी उभा असतानाही त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरा पाय फरशीवर गार पडला होता, हे त्याला आत्ता, तीन आठवड्यांनी, पहिल्यांदा आठवलं. शेजारी वर गेले होते, खाली आले होते, आणि तो तेवढा वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभा होता. वर शालन त्या घट्ट चादरीत एकटी होती.

प्रल्हादच्या तोंडून आवाज निघाला. तो रडण्याचा होता की कसला, सांगता येणार नाही. तो गाडीतून उतरला. ओसरीच्या पायरीला ठेच लागली, अंगठा सोलला, तरी थांबला नाही, कारण थांबलो तर परत वळू हे त्याला पक्कं माहीत होतं.

खोलीत सगळं तसंच होतं. उशी. चेहरा. पांढरं सपाट.

त्याने रजई ओढली आणि जमिनीवर फेकली. तिसऱ्या चादरीला हात घातला. ती निघेना. एकतीस वर्षांचा खोचण्याचा सराव, कशी निघेल? त्याने पलंगाच्या कडेला पाय लावून ती ओढली, तशी ती गादीच्या कडेसकट उचलली गेली आणि फरकन कोपऱ्यात फाटली. ब्लँकेट. शिव्या देत ब्लँकेट. मग ती शेवटची, उलटी घातलेली चादर. त्याला पहिल्यांदाच त्या थरांचा राग आला, इतका की दातओठ खाऊन त्याने ती दोन्ही मुठींत धरली आणि पायथ्यापर्यंत सोलून काढली.

खाली एक म्हातारा माणूस होता. भगवी छाटी, फासळ्या, पोटावर ठेवलेले दोन सुकलेले हात.

आता काही उरलं नव्हतं काढायला.

प्रल्हादने डोळे घट्ट मिटले. मग त्याला वाटलं, नाही, उघडेच ठेवायचे. त्याने उघडे ठेवले आणि आपला उजवा तळवा महाराजांच्या छातीवर ठेवला.

काही नाही.

हाडं... गार कातडी... काही नाही.

मग तळव्याखाली एक ठोका पडला.

प्रल्हादने श्वास रोखला. किती वेळ गेला कोण जाणे. दुसरा पडला. मग तिसरा, जरा रेंगाळून. प्रत्येक दोन ठोक्यांच्या मधे त्याचा जीव टांगणीला लागत होता, आणि प्रत्येक ठोक्याला तो पुन्हा जागेवर येत होता. तो पलंगाच्या कडेशी खाली बसला, फाटक्या चादरीच्या ढिगातच. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्याला सुचलं नाही. भीती गेली नव्हती. ती होती तिथेच होती, तळव्याखाली, ठोक्याठोक्याला.

जमिनीवरची तिरीप भिंतीवर चढली. खिशातला फोन कसा कुणास ठाऊक, रेंज पकडून एकदा वाजला आणि बंद झाला. साताऱ्याचा असावा. त्याने पाहिला नाही.

मग त्याला संकोच वाटला. गुरूच्या उघड्या छातीवर आपण हात ठेवून बसलोय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने तो हळूच उचलायला सुरुवात केली.

महाराजांनी डोळे उघडले नाहीत.

"राहू दे तिथंच," ते म्हणाले. "आत्ता कुठे झोप लागत होती."