बिनमुळांचं झाड

“मग तोडू की नको, फादर? एवढंच सांगा.”

फादर आँसेल्म नाशपातीच्या फांदीला सुतळीचा वेढा देत होते, तो पुरा केला, गाठ मारली आणि उरलेली सुतळी दातानं तोडली.

“फादर, मी झाडाबद्दल विचारतोय.”

“ऐकलं मी. पलीकडच्या कोंबड्यांनीही ऐकलं असेल.”

छातीवरचा तिरंगी पट्टा गास्पारनं उगाच सारखा केला. गावचा मेयर असल्याची ती खूण. बगलेत मात्र त्यानं पॉप्लरची एक लांब फांदी धरली होती, नुकतीच तोडलेली.

फ्रान्समधल्या सेरीव्ह नावाच्या खेड्यातली ही गोष्ट, १८०४ सालच्या नोव्हेंबरातली. राजाचं राज्य बुडालं होतं, प्रजेचं आलं होतं, आणि आता येत्या रविवारी पॅरिसमध्ये एका सेनापतीच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट चढायचा होता. जिल्ह्याच्या साहेबाचं पत्र गास्पारच्या खिशात होतं. चौकातला स्वातंत्र्यवृक्ष, प्रजेच्या राज्याची ती खूण, त्याआधी काढावा, त्या जागी सम्राटाच्या गरुडाचा खांब उभा करावा.

“कधीपर्यंत?” फादरांनी विचारलं.

“रविवारपर्यंत.”

“रविवार? प्रजेचं राज्य आणलंत तेव्हा तुम्ही तर आठवडा दहा दिवसांचा केला होतात. रविवार कधी परत आला?”

“फादर...”

“बरं, राहिलं. बस. त्या उपड्या टोपलीवर बस, पट्टा मळणार नाही.”

गास्पार बसला. या बागेत पाऊल टाकायचं त्याला नेहमीच जड जाई. वाचायला तो इथेच शिकला, कलम करायलाही इथेच. आणि चौदा वर्षांपूर्वी नव्या सरकारचा कागद घेऊन, सहा माणसं बरोबर घेऊन, मठाच्या किल्ल्या मागायलाही तो इथेच आला होता.

फादरांनी तेव्हा वाद घातला नाही. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाले, “तिसरी अडते. जरा उचलून फिरव.”

मठाचं धान्याचं कोठार झालं. बाकीचे साधू पांगले. फादर तेवढे माळ्याच्या खोपटात राहिले, कारण झाडांकडे बघायला कोणीतरी हवंच होतं.

“ही फांदी कशाला तोडलीस?”

“झाडच तोडायला गेलो होतो, सकाळी. एकटाच. फांदीपासून सुरुवात करावी म्हटलं. पुढे हात चालेना. त्याच्यावर रेमीचं नाव आहे, फादर.”

“ठाऊक आहे.”

रेमी म्हणजे गास्पारचा धाकटा भाऊ. स्वातंत्र्यवृक्ष लावला त्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, तो गाणी म्हणत सरहद्दीवर लढायला गेला. जाण्याआधी त्यानं झाडाच्या सालीवर चाकूनं आपलं नाव कोरलं होतं. तो परत आला नाही. झाड जाडावलं तशी ती अक्षरंही रुंदावली. आईला आता नीट दिसत नाही. दर रविवारी ती झाडाखाली बसते आणि अक्षरांवरून बोटं फिरवते.

“राजा गेला,” गास्पार म्हणाला. “आता सम्राट आला. मधल्या मधे माझा भाऊ गेला. मग मिळवलं काय आम्ही? तुम्ही शिकलेले आहात. सांगा ना!”

फादर नाशपातीकडे बघत राहिले.

“हिची फळं राजाच्या दिवसांत गढीवरच्या सरदाराकडे जायची. मग तुमच्या क्रांतीच्या समितीकडे जायला लागली. आता तुझ्या साहेबाकडे जातात. आवडली का रे त्याला?”

“माझी चेष्टा करताय.”

“नाही रे पोरा. हिला अजून कोणी काही कळवलेलं नाही, एवढंच सांगतोय.”

गास्पार हसला नाही. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते पट्ट्याच्या टोकानं पुसत होता. फादरांनी ते पाहिलं, आणि पाहिलं नसल्यासारखं करून फांदी त्याच्या बगलेतून काढून घेतली.

“झाड लावलंत तेव्हा मुळांसकट आणलं होतं?”

“मुळं कुठली! वेळ कुणाला होता? राजाचं डोकं उडवून दोन महिने झाले होते, शेजारच्या गावांत झाडं उभी राहिली होती, आपलाच चौक मोकळा. रानातून सगळ्यांत उंच पॉप्लर कापून आणला, खड्ड्यात रोवला, फिती बांधल्या.”

“बाकीच्या गावांनी?”

“त्यांनीही तसंच केलं. जूनपर्यंत सगळीकडची वाळली. नुसते खांब!” एवढ्या दुःखातही गास्पारची मान किंचित ताठ झाली. “आपलं तेवढं रुजलं. जिल्ह्याच्या सभेत मी बोललो होतो त्यावर. सेरीव्हची माती खरी देशभक्त आहे, इथे मुळं तोडलेलं झाडही जगतं... लोक उठून उभे राहिले होते, फादर.”

“हं. चांगलं बोलला होतास म्हणतात.”

फादरांनी कमरेचा चाकू काढून त्याच्या हातात दिला. फांदीही परत दिली.

“वीत वीत तुकडे कर. आठवतं ना?”

आठवत होतं. डोक्याला आठवायच्या आधी अंगठ्याला आठवलं. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा खाली तिरका काप, वरच्या टोकाला आडवा. गास्पार कापत गेला. पहिला तुकडा वेडावाकडा झाला, दुसरा बरा, तिसऱ्यापासून हात बसला. फादरांनी एकेक तुकडा घेतला आणि भिंतीलगतच्या वाफ्यात, दोन बोटं वर ठेवून, खोचला.

मग त्यांनी खोपटाच्या दाराशी लटकवलेली कावड खांद्यावर घेतली. लाकडाची जुनी कावड, खांद्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली, दोन टोकांना दोन बादल्या. विहीर बागेच्या दुसऱ्या टोकाला. सत्तरीचा म्हातारा हळूहळू गेला आणि त्याहून हळू परत आला.

“अहो, मी आणलं असतं!”

फादरांना दम लागला होता. बादल्या खाली ठेवून ते खोपटाच्या पायरीवर टेकले.

गास्पारचं लक्ष मात्र त्यांच्याकडे नव्हतं. तो वाटेकडे बघत होता. विहिरीपासून वाफ्यापर्यंत, विटांच्या वाटेवर थेंबांची एक ओळ उमटली होती. एकाच बाजूला.

अशी ओळ त्यानं पूर्वी पाहिली होती.

त्या उन्हाळ्यात, झाड लावलं त्या वर्षी, रोज सकाळी मठाच्या फाटकापासून चौकापर्यंत ती रस्त्यावर असायची. आई म्हणायची, देवदूत येऊन जातो. समितीत कोणीतरी विचारलं तेव्हा गास्पारनंच निकाल दिला होता, एखाद्या बाईची घागर फुटकी असेल, त्यात काय.

तो उठून बादल्यांपाशी गेला. वाकून डावी बादली उचलली. तळाशी थेंब जमला, लोंबला, पडला.

“फादर...”

फादर हातांवरची माती झटकत होते.

“तुम्ही?”

“पॉप्लर आहे तो. ओल मिळाली तर काठीलाही मुळं फुटतात. शिकवलं होतं तुला.”

“पण ते आमचं झाड होतं! मी तुमच्या किल्ल्या नेल्या होत्या...”

“किल्ल्या तू नेल्या होत्यास. झाडानं नव्हे.”

अकरा वर्षं गास्पार त्या भाषणावर जगला होता. मेयरपदही त्या भाषणानंच मिळालं होतं.

“कोणालाच माहीत नाही हे?”

फादरांनी त्याच्याकडे पाहिलं. बघताना त्यांचा चेहरा फार मऊ झाला.

“रेमीला होतं.”

“रेमीला?”

“एका पहाटे चौकात पकडलं त्यानं मला. म्हणाला, म्हातारबुवा, पाठ मोडेल, आणा इकडे. त्या दिवसापासून कावड त्यानं घेतली. सरहद्दीवर गेला त्या सकाळपर्यंत. त्या सकाळीसुद्धा दोन खेपा घातल्या, मगच गेला.”

गास्पार बादली हातात धरून तसाच उभा.

“मला का नाही सांगितलं त्यानं?”

“मीही तेच विचारलं. म्हणाला, दादाचं भाषण फार छान झालंय, आता कशाला...”

गास्पारला हसू आलं. आणि हसता हसताच बादली खाली ठेवून तो टोपलीवर बसला, तोंड ओंजळीत धरून. पलीकडे कोंबड्या माती उकरत होत्या.

फादर उठून जवळ आले. त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, तो वाचायला शिकत होता त्या दिवसांत ठेवत असत तसा.

“झाड पडणारच,” शेवटी गास्पार म्हणाला. “मी नाही पाडलं तर साहेबाचे शिपाई पाडतील.”

“हो.”

“त्याआधी सगळ्या फांद्या घेऊन येतो. आणि ती नावाची साल... ती काढून आईला देतो.”

फादरांनी मान हलवली.

“आणि आमच्या घरामागे जागा आहे. आईची खाट खिडकीशी असते. तिथे एक लावीन यातलं.” मग त्यानं वाफ्यातल्या त्या वीतभर काड्यांकडे पाहिलं. “दहा वर्षं लागतील, फादर. तिला सावलीत बसायला दहा वर्षं... तोवर ती असेल का?”

दोन्ही बादल्या उचलून फादरांनी वाफ्यात ओतल्या. पाणी काड्यांभोवती फिरलं, थांबलं, मातीत गेलं. अर्धा वाफा अजून कोरडा होता.

गास्पार उभा राहिला. पट्टा त्यानं डोक्यावरून काढला, इकडे तिकडे पाहिलं, आणि दाराशी कावड लटकायची त्या मोकळ्या खुंटीला अडकवला.

म्हाताऱ्यानं कावड त्याच्या खांद्यावर ठेवली. झिजलेली जागा खांद्यावर नेमकी बसली. फादरांनी ती जरा पुढे सरकवून नीट केली.

“डावीकडची गळते,” फादर म्हणाले. “भरभर चाल.”