नरसाळेरावांचा पगार

फार पूर्वी, भांड्यांचीही लग्नं पोहे खाऊन ठरत असत त्या काळी, मातीच्या पणतीला बघायला नरसाळेराव आले. ते तेल्याच्या दुकानात नोकरीला होते. पोहे संपले तशी पणतीच्या समईआत्याने विचारायचं ते विचारलं, "पगार किती?"

"मोजत बसायला वेळ कुठे आहे," नरसाळेराव तोंड आणखी पसरून म्हणाले. "दिवसभर नुसतं तेल. डबेच्या डबे येतात माझ्याकडे."

समईआत्याच्या पाचही वाती उजळल्या. "ऐकलंस ना गं? नशीब काढलंस."

पणतीला मात्र आपल्या कोरड्या वातीची काळजी लागली होती. सगळा जन्म काढायचा होता. ती म्हणाली, "माझी वात भिजेल एवढंच तेल आत्ता द्याल का?"

नरसाळेराव तिच्यावर वाकले, तिरके झाले, अंग झटकून पाहिलं. थेंबही पडला नाही. "महिनाअखेर आहे," ते पुटपुटले. "आलं की लगेच खाली जातं. पण येतं किती, ते तरी बघा."

"बघतेय," पणती म्हणाली. "आरपार दिसतंय."

तिने कोपऱ्यातल्या पोचे आलेल्या बुधल्याशी लग्न केलं. त्याची मिळकत बेताचीच होती, पण बुडाशी थोडं तेल नेहमी असायचं. त्यांच्या घरात रोज दिवा लागू लागला. समईआत्या त्याच उजेडात पाय पसरून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या पणतीला नरसाळेरावांचं स्थळ सांगून आलं होतं हो. काय तो पगार."