कासरा नावाचा अजगर

भोगवर्धन नगरात राजा सुदर्शन राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तांडे घेऊन फिरणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. सोमिल हे त्याचे नाव. तरुणपणी त्याने आपला जिवलग मित्र पूर्णक याच्या जोडीने खूप मुलूख पालथा घातला. बैलांवर कापूस आणि मण्यांच्या माळा लादून दोघे घाट उतरत, बंदरावर माल विकत, आणि मीठ, सुपारी, शंख घेऊन पुन्हा घाट चढत.

पुढे पूर्णक वारला. सोमिलचेही केस पिकले. धंदा भाच्यांच्या हाती देऊन तो वेशीजवळच्या आपल्या घरात एकटा राहू लागला. सकाळी तांडे वेशीबाहेर पडत, तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकत तो ओसरीवर बसे. धूळ खाली बसेपर्यंत उठत नसे.

पूर्णकाच्या श्राद्धाला तो मित्राच्या घरी गेला. जेवणे झाली. पूर्णकाची बायको नंदा विडा घेऊन आली, तेव्हा सोमिलने सहज विचारले, "वहिनी, कासरा कुठे दिसला नाही?"

नंदाने विडा त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "असेल मागे गोठ्यात. भाऊजी, मला त्याची भीती वाटते हो. हे होते तोवर ठीक होतं."

कासरा म्हणजे पूर्णकाचा अजगर. एका उन्हाळ्यात घाटात वणवा लागला होता. आग विझल्यावर तांडा पुढे निघाला, तेव्हा राखेत एक इवले पिल्लू वळवळताना पूर्णकाला दिसले. बैलाच्या कासऱ्याएवढेच जाड. त्याने ते धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेतले. सोबतचे लोक हसले. "घरच्या बैलांना कासरे कमी पडले काय रे?" असे कोणीतरी म्हणाले आणि तेच नाव पडले. तेव्हापासून प्रत्येक फेरीत कापसाच्या गाठींमध्ये एक करंडी असे. थंडीच्या दिवसांत पूर्णक तिला आपल्या घोंगडीत घेऊन निजे, आणि शेजारी सोमिल कुरकुर करी की हा माणूस मित्राला बाहेर काढून सापाला आत घेतो.

सोमिल गोठ्यात गेला. कोपऱ्यात फुटक्या कडेचा एक रांजण होता, वर दगड. आतून कुबट वास येत होता. दगड सारून त्याने डोकावून पाहिले. एवढा थोरला अजगर, पण अंगावर मांस म्हणून उरले नव्हते, पाठीचा कणा वर आला होता. जुन्या कातीचे थर अंगाला चिकटून वाळले होते. डोळ्यांवरही कातीचे पडदे होते. तोंडाच्या कडेला फोड आले होते आणि खवल्यांच्या फटीत गोचिडी बसल्या होत्या. सोमिलने हाक मारली. अजगराने मान उचलली नाही, फक्त जीभ जराशी बाहेर आली आणि आत गेली.

पूर्णकाचा मुलगा तिष्य मागे येऊन उभा राहिला होता.

"अरे, याला शेवटचं खायला कधी घातलं?" सोमिलने विचारले.

"आठवत नाही, काका. पाहुणे येत, तेव्हा काढून दाखवत होतो. मग पाहुण्यांनाही कंटाळा आला."

"मी नेऊ याला?"

"न्या की. घरातली अडगळ तेवढी कमी होईल."

सोमिलने अजगराला घोंगडीत घेतले आणि गाडीत घालून घरी आणले. आणले खरे, पण पुढे काय करायचे ते त्याला कळेना. इतकी वर्षे हा प्राणी त्याच्या शेजारी वाढला होता, पण त्याने कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते. पूर्णक आहे, तो बघेल, असेच त्याला वाटत आले होते. आता पूर्णक नव्हता. म्हणून तो डोळे मिटून बसला आणि आठवू लागला. कात अडकली की पूर्णक काय करी? ओढ्याच्या उथळ पाण्यात, ऊन खाल्लेल्या दगडांपाशी, तो तासन्‌तास बसे. "ओढायची नाही रे," तो म्हणे, "भिजू द्यायची. तिची वेळ झाली की ती आपण होऊन सुटते."

सोमिलने मोठ्या घंगाळात कोमट पाणी घेतले आणि अजगराला त्यात ठेवले. रोज तो ओल्या फडक्याने हलके हलके पुसत राही. थर एकेक करून सुटू लागले. डोळ्यांवरचे पडदे सगळ्यांत शेवटी निघाले. त्या सकाळी अजगराने प्रथमच मान उचलून उजेडाकडे पाहिले, आणि सोमिलला उगीचच आपल्या मित्राला सांगावेसे वाटले. सांगायला कोणी नव्हते.

तोंडातले फोड तो हळदीच्या पाण्याने धुई. गोचिडी वेचून काढी. चुलीच्या भिंतीला लागून त्याने वाळूची जागा केली, म्हणजे ऊब मिळे पण चटका बसत नसे. खायला घालायची मात्र त्याने घाई केली नाही. उपाशी पोटाला एकदम भार सोसत नाही, हेही पूर्णकाचेच बोलणे त्याला आठवले. कोणाचा जीव घेऊन याला जगवायचे नाही, असे त्याने ठरवले होते. कोठारांच्या सापळ्यांत उंदीर मरून पडत, ते तो मागून आणी. पहिला उंदीर अजगराने नुसता हुंगला. दुसऱ्याकडे पाठ फिरवली. मग एका दुपारी त्याने तोंड उघडले आणि सावकाश गिळू लागला. सोमिल श्वास रोखून पाहत बसला. जेवण पोटात उतरले तेव्हा तो मोठ्याने हसला, आणि शेजारीण काय झाले म्हणून कुंपणाशी आली.

पाऊस सरला, थंडी सरली. अजगराच्या अंगावर मांस चढले, खवल्यांवर तेलासारखी चकाकी आली. सकाळच्या उन्हात तो ओसरीवर पसरे आणि सोमिल त्याच्याशेजारी बसे. "आठवतं का रे," तो म्हणे, "बंदरावर वादळ झालं आणि आपण तिघं शंखांच्या ढिगामागं लपलो होतो?" अजगर काही बोलत नसे, पण सोमिलला ऐकणारा मिळाला होता. गेलेले दिवस पुन्हा घरात येऊन बसल्यासारखे त्याला वाटे.

वसंत लागला तसा अजगर परसातल्या कुंपणाकडे जाऊ लागला. पश्चिमेच्या बाजूला काट्यांत एक फट होती, तिथे तो डोके घाली. सोमिल त्याला उचलून परत ओसरीवर आणी. "वाट चुकलास, म्हाताऱ्या," असे म्हणे आणि फट बुजवी.

हळूहळू नगरात बोलबाला झाला. लोक पाहायला येऊ लागले. ही गोष्ट राजाच्या कानी गेली. आणि एके दिवशी तिष्य गाडी घेऊन दारात आला.

"काका, कासऱ्याला न्यायला आलोय. महाराजांना उपवनात ठेवायचाय. मी शब्द देऊन बसलोय."

"उपवनात कुठे?"

"पिंजरा केलाय. चांगला ऐसपैस आहे. मला राजाच्या तांड्यांचा नायक करणार आहेत, काका. बाबांना जे जन्मभर जमलं नाही, ते."

सोमिल सहसा रागावत नसे. पण तेव्हा तो रागावला. "तुझ्याच गोठ्यात मरत पडला होता तो. जगला की मेला, एवढं तरी विचारायला आलास का?"

"नाही आलो," तिष्य म्हणाला. त्याचा आवाज चढला. "तुम्हांला काय ठाऊक? बाबा सदा बाहेर. घरी आले की आधी ती करंडी उतरायची. त्याला ऊन दाखवायचं, पाणी दाखवायचं. मी दारात उभा. मग कधीतरी माझ्याकडं वळून म्हणायचे, ‘अरे, उंच झालास की.’ एवढंच. त्या रांजणावर दगड ठेवताना मला वाईट वाटलं नाही, काका. खरं सांगतो."

सोमिल ओसरीच्या पायरीवर टेकला.

"आणि तुम्ही तरी त्याला कुठं मोकळं केलंय?" तिष्य पुढे म्हणाला. "माझ्या रांजणातून तुमच्या ओसरीवर आला, इतकंच. इथं तो तुमच्या जुन्या दिवसांची राखण करतोय."

सोमिलने अजगराकडे पाहिले. तो पुन्हा कुंपणाशी गेला होता आणि बुजवलेल्या फटीत डोके खुपसत होता. सोमिलचा राग उतरला.

"खरं बोललास," तो म्हणाला. "मला तो हवाय म्हणून मी त्याला वाट चुकलेला म्हणत होतो. तिष्या, तो तुझा नाही, राजाचा नाही आणि माझाही नाही. तो घाटातला आहे. चल, त्याला पोचवून येऊ. तिथं पोचल्यावरही तुला वाटलं, तर माघारी आण आणि राजाला दे. मी अडवणार नाही."

तिष्य घुटमळला. पण आपली चूक कबूल करणाऱ्याशी भांडणार तरी कसे? त्याने गाडी जोडली, आणि सोमिलने अजगराला एका मोठ्या करंडीत घालून आत ठेवले.

जुन्या तांड्याच्या वाटेने ते निघाले. वाटेत सोमिल एकेक ठिकाण दाखवत होता. इथे बैलांना पाणी पाजायचो, इथे पूर्णक भाकऱ्या थापायचा आणि सगळ्या करपवायचा. पहिल्यांदा तिष्य नुसता हुंकार देत होता. मग त्याने विचारले, "बाबा माझं नाव काढायचे का कधी?"

"कधी?" सोमिल म्हणाला. "अरे, परतीच्या वाटेवर दुसरं काही नसायचं. घरी गेल्यावर तुझ्याशी काय बोलायचं ते तो मला म्हणून दाखवायचा. पुन्हा पुन्हा. मी वैतागून जायचो. आणि दारात तू दिसलास की सगळं विसरायचा. तू दर वेळी नवाच मुलगा दिसायचास ना त्याला. मग काय करावं ते कळत नसे, म्हणून करंडीत हात घालून बसायचा. कासऱ्याशी बोलायला शब्द लागत नव्हते."

तिष्य गाडीतून खाली उतरला आणि बराच वेळ बैलांच्या पुढे एकटा चालत राहिला. त्याचा चेहरा सोमिलला दिसत नव्हता, आणि सोमिलने पाहण्याचा प्रयत्नही केला नाही.

घाटमाथ्याखाली पाणी झिरपणारे खडक होते, भोवती कारवीचे रान. वणव्याची खूण कुठेच उरली नव्हती. गाडी थांबली. सोमिल बाजूला उभा राहिला. तिष्याने करंडी उतरवली, जमिनीवर ठेवली आणि झाकणावर हात ठेवून तो क्षणभर बसला. मग त्यानेच झाकण काढले.

अजगर सावकाश बाहेर आला. जिभेने त्याने हवा चाखली, ओल्या खडकाला अंग घासले आणि कारवीत शिरला. त्याची लांबी सरता सरेना. शेवटी शेपटीचे टोकही पानांआड गेले. सोमिल वाट पाहत होता, की तो एकदा तरी वळून बघेल. त्याने वळून पाहिले नाही. सोमिलच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्याबरोबरच मन ओझे उतरलेल्या बैलासारखे हलके झाले.

तिष्याने राजाला जाऊन खरे ते सांगितले. राजा नाराज झाला आणि नायकपण दुसऱ्याला मिळाले. तिष्य आपलाच लहानसा तांडा घेऊन फिरत राहिला. फेरीवरून परतला की बैल सोडायच्या आधी तो आपल्या मुलांना हाक मारी. घाटातून येणारे लोक कधी सांगत, की पाण्याच्या खडकांपाशी भली थोरली कात पडलेली पाहिली. सोमिल ते ऐकून घेई. कोणाची, कुठे, असे त्याने कधी विचारले नाही.

जेतवनात भिक्षूंना हे सांगून झाल्यावर शास्त्याने, म्हणजे बुद्धपदाला पोचलेल्या बोधिसत्त्वाने, त्या जन्मातल्या माणसांची ओळख करून दिली: "तेव्हा दारात उभा राहणारा तिष्य तो आजचा राहुल. पूर्णक म्हणजे सारिपुत्त, आणि नंदा म्हणजे महाप्रजापती गौतमी. ज्या कंथक घोड्यावर बसून मी घर सोडले, तोच तेव्हा कासरा होता. आणि सोमिल मीच होतो. भिक्षूंनो, लोक हेळसांडीला उपेक्षा म्हणतात. रांजणावर दगड ठेवणे ही ती उपेक्षा. पण जवळ घ्यावे, बरे करावे, जीव लावावा, आणि आपले म्हणून धरून ठेवू नये, हीही उपेक्षाच, समचित्ताची. त्या जन्मी मी पुरी केली ती ही उपेक्षा-पारमिता."