जॅकवरचं माप

गाड्यांना वाचा होती, त्या काळची ही गोष्ट. घाटाखालच्या गॅरेजात एक लाल स्पोर्ट्स कार जॅकवर उभी होती. मिस्त्रीनं तिला दोन इंच मोठी, रुंद चाकं बसवली. हातानं फिरवली तशी ती भिंगरीसारखी फिरली.

"बघ, कुठं अडतंय का?" गाडी तोऱ्यात म्हणाली.

कोपऱ्यात पडलेला तिचा जुना टायर म्हणाला, "पोरी, जॅकवर सगळंच मोकळं फिरतं. खाली उतर, अंगावर वजन घे, स्टेअरिंग पार वळव. मग बघ, मडगार्डला घासतंय का."

"तुला काढलं म्हणून पोटात दुखतंय तुझ्या!" गाडी हसली आणि घाटाकडे निघाली.

तिसऱ्या वळणावर ती खड्ड्यात दबली, तसा नवा टायर मडगार्डच्या धारेवर घासला आणि फाटला. दरीतून गाडी वर आलीच नाही.

पुढे लोकांनी तो जुना टायर आणून त्याच वळणावर अर्धा पुरला आणि खूण म्हणून पांढरा रंगवला. एके दिवशी एक पिवळी गाडी वर आली. तिचं चाक घासत होतं. टायर जिवाच्या आकांतानं ओरडला. ती मात्र आपल्याच इंजिनाचा आवाज ऐकण्यात दंग होती.