शेजारचं ताट

"...मग माझ्यापेक्षा तिचं का ऐकलंत, सर?"

मुजुमदार सर हात पुसत होते. मेंदूविकाराच्या वॉर्डात त्यांची हयात गेलेली. विचारणारा हृषीकेश, त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. निदान त्याचं स्वतःचं मत तरी तसंच होतं.

झालं होतं ते एवढंच. केरबा आबा सकाळी घरात दाराच्या चौकटीला धडकले. लकवा असेल म्हणून सुनेनं त्यांना दवाखान्यात आणलं. हृषीकेशनं तपासलं. तोंड सरळ, बोलणं स्वच्छ, दोन्ही हात वर राहतात, स्कॅनमध्येही काही नाही. मला काही झालेलं नाही, असं आबाही ठासून सांगत होते. घरी न्या, असं सांगून तो मोकळा झाला.

त्याच्या हाताखालची डॉक्टर वैजयंता म्हणाली, नको, मला शंका येते आहे.

शंका कसली, हे त्यानं विचारलं नाही. तिला विचारायचं म्हणजे... आणि सरांनी आबांना ठेवून घेतलं.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. हे दुखणं स्कॅनमध्ये दिसत नाही, हे त्याचं नशीब.

"अवघड पेशंट तिला, शाबासकी तिला. मला काय दिलंत?"

सरांनी टॉवेल ठेवला. ते त्याला घेऊन आबांच्या खाटेपाशी गेले.

आबा जेवत होते. गिळताना ठसका लागत नाही ना, हे आधी पाणी पाजून बघितल्यावरच वैजयंतानं ताट दिलं होतं. तेही हृषीकेशला खुपलं.

आबांचा भात संपला होता. ते उजवीकडच्या खाटेवरल्या पेशंटच्या ताटाकडे बघत बसले होते.

"डाक्टर, ह्यो दुजाभाव बरा न्हवं. त्येला भाकरी, त्येला उसळ. मला निस्ता भात व्हय?"

हृषीकेशनं ताटात पाहिलं. डाव्या बाजूला भाकरी आणि उसळ जशीच्या तशी होती.

"आबा, भाकरी आहे की तुमच्या ताटात."

"कुठं हाय? थट्टा करतासा म्हाताऱ्याची?"

सर वाकले. ताट हळूच अर्धं फिरवलं.

"आत्ता कसं," आबा म्हणाले, आणि भाकरी मोडून खाऊ लागले.

हृषीकेशचा चेहरा उतरला. त्यानं आबांसमोर दोन्ही हात धरले आणि दोन्हीकडची बोटं एकदम हलवली. कुठलं हललं, विचारलं. आबांनी उजवीकडचं तेवढं दाखवलं.

"पक्षाघातच आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मेंदूच्या उजव्या बाजूला... आणि मी यांना घरी पाठवत होतो."

"औषध सकाळीच सुरू केलंय," सर म्हणाले.

हृषीकेश आबांच्या ताटाकडे बघत राहिला.

"डावीकडचं यांना कळतच नाही, सर. आणि आपल्याला कळत नाही, हेही कळत नाही."

सरांनी आबांचा पाण्याचा पेला उचलून उजवीकडे ठेवला आणि हृषीकेशकडे पाहिलं.

"शेजाऱ्याच्या ताटातलं मात्र सगळं दिसतं..."